हीथ्रोहून घरी, लंडनच्या कडेकडेने

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला जाणारे आई-वडील, शिक्षणासाठी पहिल्यांदा बाहेर पडलेले विद्यार्थी आणि कंपनीने काही महिन्यांसाठी पाठवलेले तरुण यांना निघण्यापूर्वी हमखास एकच सल्ला मिळतो : हीथ्रोला उतरल्यावर ट्यूब (भूमिगत रेल्वे) पकड, नाहीतर टॅक्सी कर. ज्याचं राहण्याचं ठिकाण शहराच्या मध्यभागी आहे त्याला हा सल्ला उत्तम आहे. पण आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं मध्य लंडनमध्ये राहत नाहीत. हॅरो, हेज, किंग्स्टन, न्यू मॉल्डन, सटन, क्रॉयडन अशा बाहेरच्या उपनगरांत त्यांची घरं असतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या पाहुण्याने ट्यूब पकडली तर तो आधी शहराच्या पोटात शिरतो, तिथे गाडी बदलतो आणि दुसऱ्या दिशेने पुन्हा बाहेर पडतो. टॅक्सी केली तर खिसा चांगलाच हलका होतो.

या उपनगरांना विमानतळाशी थेट जोडणाऱ्या बस आहेत. त्या दर दहा-पंधरा मिनिटांनी सुटतात, वाटेत रेल्वे स्टेशनांना जोडत जातात आणि त्यांचं भाडं दोन पौंडांच्या आत आहे. त्यांचा उपयोग कुणाला होईल, कसा करायचा आणि कोणत्या वेळी त्या टाळायच्या, याची माहिती पुढे देत आहे.

आधी घर नकाशावर शोधा

प्रवासाचं साधन ठरवण्याआधी एक काम करा. ज्या घरी जायचं आहे ते नकाशावर शोधा आणि हीथ्रो कुठे आहे तेही पाहा. हीथ्रो लंडनच्या पश्चिम टोकाला, मध्यापासून सुमारे 23 किलोमीटरवर आहे. तिथून निघणाऱ्या तिन्ही रेल्वेसेवा पूर्वेकडे, म्हणजे शहराच्या मध्याकडे धावतात. पिकॅडिली लाइन 1977 मध्ये विमानतळाच्या मध्यवर्ती भागापर्यंत पोचली. हीथ्रो एक्सप्रेस 1998 पासून पॅडिंग्टनला नेते. एलिझाबेथ लाइनचा शहराखालचा नवा मार्ग 2022 मध्ये सुरू झाला. तिघींचं काम उत्तम आहे, फक्त त्यांचा रोख मध्याकडे आहे.

मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. बोरिवलीहून ठाण्याला लोकलने जायचं तर दादरपर्यंत खाली उतरून पुन्हा वर चढावं लागतं, म्हणून माणसं घोडबंदर रोडची बस धरतात. लंडनचं गणितही तसंच आहे. हीथ्रोहून हॅरो उत्तर-पूर्वेला आहे. किंग्स्टन, सटन आणि क्रॉयडन दक्षिण-पूर्वेला आहेत. ही सगळी ठिकाणं शहराच्या कडेवर आहेत आणि कडेकडेने जाणारी रेल्वे इथे जवळजवळ नाही. ती उणीव बस भरून काढते.

म्हणून पहिला प्रश्न वेगाचा किंवा भाड्याचा नसावा. आपलं घर मध्याच्या दिशेला आहे की कडेवर, हे आधी ठरवावं. मध्याकडे असेल तर रेल्वे. कडेवर असेल तर पुढचं वाचा.

सुपरलूप म्हणजे काय

लंडनच्या बाहेरच्या भागांतून शहराला वळसा घालणाऱ्या जलद बसच्या जाळ्याला सुपरलूप असं नाव आहे. 2023 मध्ये महापौर सादिक खान यांनी ही योजना जाहीर केली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस जास्त प्रदूषण करणाऱ्या वाहनांवरचं शुल्क लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे प्रशासकीय विभागांना, लागू झालं. बाहेरच्या उपनगरांत लोक गाडीवर अवलंबून असतात. त्यांना गाडी घरी ठेवा म्हणायचं तर दुसरं चांगलं साधन द्यायला हवं, हा या बसमागचा विचार. मार्गांना एसएल 1, एसएल 2 असे क्रमांक आहेत. या बस ठरावीक, महत्त्वाच्याच थांब्यांवर थांबतात. त्यामुळे नेहमीच्या बसपेक्षा त्या लवकर पोचतात. रंग लंडनच्या इतर बससारखा लालच असतो, पण बाजूवर सुपरलूपचं नाव ठळक लिहिलेलं असतं.

हीथ्रोला येणाऱ्या दोन सुपरलूप बस आपल्या कामाच्या आहेत : एसएल 7 आणि एसएल 9.

एसएल 7 : दक्षिणेकडच्या उपनगरांसाठी

ही बस हीथ्रो सेंट्रल बसस्थानकातून निघते. हॅटन क्रॉस, टेडिंग्टन, किंग्स्टन, न्यू मॉल्डन, वूस्टर पार्क, चीम, सटन, कारशाल्टन, वॉलिंग्टन असं करत ती ईस्ट क्रॉयडन आणि वेस्ट क्रॉयडनला पोचते. मार्ग सुमारे 38 किलोमीटरचा आहे. सुपरलूप येण्यापूर्वी तिचा क्रमांक एक्स 26 होता आणि ती अर्ध्या तासाने एक सुटायची. 2023 च्या ऑगस्टमध्ये नाव बदललं आणि फेऱ्या दुप्पट झाल्या. आता दिवसभर साधारण दर 15 मिनिटांनी बस मिळते. एक बस चुकली तर दुसरीची वाट अर्धा तास पाहावी लागत नाही, हा प्रवाशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल आहे.

या मार्गाची परंपरा जुनी आहे. लंडनच्या दक्षिण कडेने जाणारी ग्रीन लाइनची 725 क्रमांकाची बस 1953 मध्ये सुरू झाली होती. आजची एसएल 7 तिच्याच वंशातली. सत्तर वर्षं ही गरज टिकून राहिली, यावरून बाहेरच्या उपनगरांना एकमेकांशी जोडणारी वाट किती आवश्यक आहे ते कळतं.

वाटेतली स्टेशनं लक्षात ठेवा. किंग्स्टन, न्यू मॉल्डन, वूस्टर पार्क, सटन इथून दक्षिणेकडच्या लोकल गाड्या मिळतात. ईस्ट क्रॉयडन हे मोठं जंक्शन आहे. तिथून ब्रायटन, गॅटविक विमानतळ आणि दक्षिण इंग्लंडच्या अनेक गावांच्या गाड्या सुटतात, क्रॉयडनची ट्रामही तिथूनच मिळते. विम्बल्डनकडे जायचं असेल तर न्यू मॉल्डनला उतरून रेल्वेने जाता येतं.

वेळेचा अंदाज असा धरा : रस्ता मोकळा असेल तर किंग्स्टनला पाऊण तास, सटनला तासाभराहून थोडं अधिक, क्रॉयडनला दीड तास किंवा जास्त. संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान किंग्स्टनच्या आसपास रस्ते तुंबतात. त्या वेळी आणखी वेळ हातात ठेवा.

एसएल 9 : हेज, नॉर्थोल्ट आणि हॅरोसाठी

ही बस हीथ्रो सेंट्रलहून हार्लिंग्टन, हेज अँड हार्लिंग्टन स्टेशन, हेज, येडिंग, नॉर्थोल्ट, साउथ हॅरो असं करत हॅरो बसस्थानकाला पोचते. पूर्वी तिचा क्रमांक एक्स 140 होता. दिवसा साधारण दर 12 मिनिटांनी बस असते. हॅरोपर्यंत एक तास धरून चाला.

हॅरो बसस्थानकाला लागूनच हॅरो-ऑन-द-हिल स्टेशन आहे. तिथून मेट्रोपोलिटन लाइन मिळते. ज्यांना डॉलिस हिलला, महाराष्ट्र मंडळ लंडनच्या वास्तूत जायचं आहे, त्यांना हॅरोहून मेट्रोपोलिटन लाइनने वेम्ब्ली पार्क आणि तिथे गाडी बदलून ज्युबिली लाइनने डॉलिस हिल असा सरळ मार्ग आहे. 1932 मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ आजही इथल्या मराठी माणसांना एकत्र आणतं. उत्तर-पश्चिम लंडनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांनी ही वाट जरूर ओळखीची करून घ्यावी.

हेज अँड हार्लिंग्टन स्टेशन आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. स्लाव किंवा रेडिंगला जाणाऱ्यांनी हीथ्रोहून मध्य लंडनमध्ये जाऊन परत पश्चिमेला येण्याची गरज नाही. एसएल 9 ने या स्टेशनवर उतरायचं आणि पश्चिमेकडे जाणारी एलिझाबेथ लाइन पकडायची. इथे एक गोष्ट विसरू नका : वेस्ट ड्रेटनच्या पुढे, म्हणजे स्लाव आणि रेडिंगकडे, एलिझाबेथ लाइनवर ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनच्या प्रवासासाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, चालत नाही. तिथे कॉन्टॅक्टलेस, म्हणजे नुसतं टेकवून चालणारं, बँकेचं कार्ड लागतं किंवा कागदी तिकीट काढावं लागतं. ऑयस्टर घेऊन रेडिंगला उतरलेला प्रवासी फाटकावर अडकतो.

मध्य लंडनला जायचं आहे आणि एलिझाबेथ लाइनचाच वेग हवा आहे, पण विमानतळाचं चढं भाडं नको, अशांनाही हे स्टेशन उपयोगी आहे. एलिझाबेथ लाइनवर हीथ्रो स्टेशनचं भाडं वेगळ्या, महागड्या दराने आकारलं जातं. हेजपर्यंत बसने येऊन तिथून तीच गाडी धरली तर नेहमीचा दर लागतो. सामान थोडं असेल आणि घाई नसेल तरच हा खटाटोप करा. नाहीतर पिकॅडिली लाइन स्वस्त आहेच.

बसस्थानक सापडतं कुठे

हीथ्रोला सध्या चार प्रवासी टर्मिनल वापरात आहेत : 2, 3, 4 आणि 5. दोन्ही सुपरलूप बस हीथ्रो सेंट्रल बसस्थानकातून सुटतात आणि हे स्थानक टर्मिनल 2 व 3 च्या मध्ये आहे. या दोन टर्मिनलांवर उतरणाऱ्यांनी मध्यवर्ती बसस्थानकाच्या पाट्या पाहत भुयारी वाटेने चालायचं. लिफ्ट आहेत, सामानाची ट्रॉली बऱ्याच अंतरापर्यंत नेता येते. भूमिगत रेल्वेचं स्टेशनही याच ठिकाणी खाली आहे.

टर्मिनल 4 किंवा 5 वर उतरणाऱ्यांना आधी मध्यवर्ती भागात यावं लागतं. त्यासाठी टर्मिनलांच्या दरम्यानचा रेल्वेप्रवास मोफत आहे. फाटकावर कार्ड टॅप करावं लागलं तरी या टप्प्याचे पैसे कापले जात नाहीत. मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना एकच कार्ड वापरा. टर्मिनल 4 ला गाड्या कमी असतात, त्यामुळे काही वेळ थांबण्याची तयारी ठेवा. तिकिटावर आपलं टर्मिनल कोणतं आहे हे निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा, कारण विमान कंपन्या टर्मिनल बदलत असतात.

बसस्थानकात वेगवेगळ्या मार्गांच्या बस वेगवेगळ्या फलाटांवर लागतात. आतल्या फलकावर मार्गक्रमांक आणि फलाट दिलेला असतो, पुढची बस किती मिनिटांत येणार तेही दिसतं. बसच्या कपाळावर शेवटच्या ठिकाणाचं नाव असतं. एसएल 7 वर वेस्ट क्रॉयडन आणि एसएल 9 वर हॅरो पाहूनच चढा.

पैसे कसे द्यायचे

लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत. चालकाकडे तिकीट मिळत नाही, सुट्ट्या नाण्यांचा उपयोग नाही. आपल्याकडच्यासारखा कंडक्टरही नसतो. पुढच्या दाराने चढायचं आणि चालकाशेजारच्या पिवळ्या यंत्रावर कार्ड टॅप करायचं. हिरवा दिवा लागला की झालं. उतरताना पुन्हा टॅप करायचं नाही. रेल्वेत मात्र दोन्ही वेळा करावं लागतं, हा फरक नीट समजून घ्या.

2025 मध्ये प्रौढांचं भाडं 1.75 पौंड होतं. अंतर कितीही असो, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत हेच भाडं. शिवाय पहिल्या टॅपपासून एका तासाच्या आत कितीही बस किंवा ट्राम बदलल्या तरी वेगळे पैसे लागत नाहीत. म्हणजे हीथ्रोहून एसएल 7 ने किंग्स्टनला आलात आणि तासाच्या आत घराजवळ जाणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये टॅप केलंत, तर दुसरा प्रवास मोफत. दिवसभरात बसने कितीही फिरलात तरी एका माणसामागे ठरावीक मर्यादेपेक्षा (2025 मध्ये 5.25 पौंड) जास्त कापले जात नाहीत.

भारतातून येणाऱ्यांनी कार्डाबाबत पुढची काळजी घ्यावी.

पहिलं, यूपीआय इथल्या बसमध्ये चालत नाही. भारतात फोनवरून स्कॅन करून पैसे देण्याची सवय असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

दुसरं, बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, पण त्यावर कॉन्टॅक्टलेसचं चिन्ह हवं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांनुसार भारतात मिळणाऱ्या कार्डांवर परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार आपणहून सुरू करून घ्यावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन हे दोन्ही पर्याय विमानात बसण्याआधीच सुरू करा. लंडनमध्ये पोचल्यावर भारतातल्या सिमवर ओटीपी येईल याची खात्री नसते. परदेशी व्यवहारावर बँक किती शुल्क घेते तेही विचारून घ्या.

तिसरं, प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघांनी प्रवास करता येत नाही. आईकडे स्वतःचं परदेशात चालणारं कार्ड नसेल तर विमानतळावरच्या भूमिगत स्टेशनवरून तिच्यासाठी ऑयस्टर कार्ड घ्या आणि त्यात थोडे पैसे भरा. कार्डाचं स्वतंत्र शुल्क लागतं, पण काही आठवडे राहणाऱ्याला ते वसूल होतं.

चौथं, दिवसभर एकच कार्ड वापरा. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि दुपारी त्याच खात्याचं फोनमधलं कार्ड टॅप केलं, तर यंत्र त्यांना दोन वेगळे प्रवासी समजतं आणि तासाभराची सवलत मिळत नाही.

अकरा वर्षांखालच्या मुलांना बस मोफत आहे. अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्या मुलांसाठी ऑयस्टर कार्डावर सवलत नोंदवून मिळते. त्यासाठी भूमिगत स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला विचारा.

सामानाचं काय

बसचा विचार करताना खरी अडचण सामानाची असते. भारतातून येणारा माणूस बहुतेक वेळा दोन मोठ्या बॅगा, एक हातातली बॅग आणि लोणच्या-चकल्यांची जपून आणलेली पिशवी घेऊन उतरतो. लंडनची बस ही शहरात रोज ये-जा करणाऱ्यांची बस आहे. विमानतळाच्या खास कोचसारखा सामानाचा डबा तिला नसतो. खालच्या मजल्यावर मध्यभागी मोकळी जागा असते, ती व्हीलचेअरसाठी असते. ती रिकामी असेल तर तिथे बॅग धरून उभं राहता येतं, पण व्हीलचेअरवरचा प्रवासी आला तर ताबडतोब जागा सोडायची. मधली वाट अडवायची नाही. गर्दी खूप असेल तर चालक मोठं सामान नाकारू शकतो.

यातून एक सोपा नियम निघतो. एका माणसाकडे एक मोठी आणि एक लहान बॅग असेल तर बस आरामात जमते. दोन माणसं आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळा सोडून जमते. चार मोठ्या बॅगा असतील तर बसचा हट्ट धरू नका. मुलाला गाडी घेऊन यायला सांगा किंवा टॅक्सी करा. आणखी एक चांगला मार्ग आहे : मुलाने सगळं सामान गाडीतून न्यावं आणि जागा पुरत नसेल तर घरातल्या एकाने बरोबरच्या तरुण माणसाला घेऊन बसने यावं.

परतीच्या वेळी सामान अनेकदा कमी असतं. येताना गाडीने आलात तरी जाताना बसने जाण्याचा विचार जरूर करा.

चढताना आणि उतरताना

मधल्या थांब्यावर बस आपोआप थांबेल असं गृहीत धरू नका. बस दिसली की हात करा. उतरायचं असेल तर थांबा येण्यापूर्वी खांबावरचं लाल बटण दाबा. आत पुढच्या थांब्याचं नाव पडद्यावर येतं आणि ऐकूही येतं, त्यामुळे नवख्या माणसालाही चुकण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

एक चूक मात्र सहज होते. सुपरलूप बस प्रत्येक थांब्यावर थांबत नाही. घराजवळच्या थांब्यावरून तिला पुढे जाताना पाहून प्रवासी गोंधळतो. म्हणून घराजवळचा सुपरलूपचा थांबा कोणता आणि तिथून घरी नेणारी साधी बस कोणती, हे दोन क्रमांक कागदावर लिहून ठेवा. तासाभरात बदललीत तर त्या दुसऱ्या बसचे पैसेही लागत नाहीत.

सगळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत आणि व्हीलचेअरसाठी उतरंड बाहेर येते. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना ट्यूबच्या काही जुन्या स्टेशनांवरच्या जिन्यांपेक्षा बस कितीतरी सोयीची पडते. एक पथ्य पाळा : बसल्याशिवाय हात सोडू नका, आणि जिना चढून वरच्या मजल्यावर जायचं तर सामान नसेल तेव्हाच.

इतर बस आणि रात्रीचा प्रश्न

सुपरलूप सोडूनही हीथ्रोहून उपनगरांत जाणाऱ्या बस बऱ्याच आहेत. 285 ही बस हॅटन क्रॉस, फेल्टम स्टेशन आणि टेडिंग्टनमार्गे किंग्स्टनला जाते. फेल्टमहून वॉटर्लूकडे आणि रेडिंगकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. 111 ही बस हाउन्सलोमार्गे किंग्स्टनला जाते. 105 साउथॉलमार्गे ग्रीनफर्डला पोचते. यू 3 वेस्ट ड्रेटनमार्गे अक्सब्रिजला नेते. 490 टर्मिनल 5 आणि 4 वरून फेल्टम, ट्विकनम आणि रिचमंडकडे जाते. त्या दोन टर्मिनलांवर उतरणाऱ्यांना मध्यवर्ती स्थानकात यावं लागत नाही. या बस प्रत्येक थांब्यावर थांबतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो, पण घराच्या अगदी जवळ सोडतात. भाडं तेच.

रात्री उशिरा उतरणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. मध्यरात्रीनंतर सुपरलूप बस मिळत नाहीत. 105, 111 आणि 285 रात्रभर धावतात, आणि हॅरोकडे जायला एन 140 ही रात्रीची बस आहे. तरुण माणसाला त्या पुरेशा आहेत. पहिल्यांदाच येणाऱ्या वयस्कर जोडप्याने, दहा तासांच्या विमानप्रवासानंतर, रात्री दीड वाजता बस शोधत फिरू नये. त्यांच्यासाठी कुणीतरी न्यायला यावं.

परतीचा प्रवास : वेळ हातात ठेवा

येताना बसला उशीर झाला तर जेवायला उशीर होतो. जाताना उशीर झाला तर विमान चुकतं. म्हणून दोन्ही वेळचं नियोजन वेगळं करा. विमानतळावर किती वाजता पोचायचं ते ठरवा, त्यातून लंडन परिवहनाच्या टीएफएल गो या ॲपने दाखवलेला प्रवासाचा वेळ वजा करा, आणि त्याहीपेक्षा किमान तीन बस आधीची बस पकडा. दर 15 मिनिटांची बस असेल तर ही पाऊण तासाची राखीव वेळ झाली. विमानतळाच्या मध्यवर्ती भागात शिरण्यासाठी भुयारातून जावं लागतं. तिथे वाहतूक अडली तर चालकाच्या हातात काही राहत नाही. टर्मिनल 4 किंवा 5 वरून विमान असेल तर तिथल्या मोफत रेल्वेसाठी आणखी अर्धा तास धरा.

निघण्याच्या दिवशी सकाळी याच ॲपमध्ये मार्गक्रमांक टाकून पाहा. रस्त्याचं काम, वळवलेला मार्ग, संप याची माहिती तिथे मिळते. भाडी आणि वेळापत्रकंही तिथूनच ताजी पाहून घ्या. अडचण दिसली तर टेडिंग्टन-किंग्स्टनच्या बाजूच्यांनी फेल्टमपर्यंत जाऊन तिथून 285 धरावी. हॅरोच्या बाजूच्यांनी कोणत्याही मार्गाने हेज अँड हार्लिंग्टन गाठून तिथून एलिझाबेथ लाइनने विमानतळावर जावं. दुसरा मार्ग आधीच माहीत असला की घाबरगुंडी उडत नाही.

बस केव्हा नको

बसची शिफारस करतानाच तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. पूर्व लंडनला, म्हणजे इलफर्ड किंवा ईस्ट हॅमकडे जायचं असेल तर एलिझाबेथ लाइनच धरा. बसने अर्धा दिवस जाईल. हीथ्रोहून गॅटविकला दुसरं विमान पकडायचं असेल तर एसएल 7 ने क्रॉयडन आणि तिथून रेल्वे हा मार्ग नकाशावर शक्य दिसला तरी त्यावर विमान सोपवू नका. दोन विमानतळांना जोडणारी थेट कोच घ्या. लहान बाळ, बाबागाडी आणि मोठं सामान एकदम असेल तर टॅक्सीचे पैसे योग्य कारणासाठी खर्च होतात. आणि तब्येत बरी नसेल तर काटकसर बाजूला ठेवा.

मुलांसाठी दोन शब्द

शेवटचं सांगणं लंडनमध्ये राहणाऱ्या मुला-मुलींना आहे. आई-बाबा येणार म्हणून तुम्ही रजा टाकता, गाडीची सोय करता, हे प्रेमाचंच आहे. पण ते आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना एकदा या बसमध्ये बसवून विमानतळापर्यंत नेऊन आणा. कार्ड कुठे टॅप करायचं, बटण केव्हा दाबायचं, घराजवळचा थांबा कसा ओळखायचा, हे त्यांना स्वतः करू द्या. एका फेरीत ते शिकतात. एका कागदावर मोठ्या अक्षरांत बसचा क्रमांक, उतरण्याच्या थांब्याचं नाव, पुढच्या बसचा क्रमांक आणि तुमचा फोन नंबर लिहून तो पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा.

परक्या शहरात आलेल्या आई-वडिलांना सगळ्यात जास्त जाच होतो तो प्रत्येक लहान गोष्टीसाठी मुलांवर अवलंबून राहण्याचा. मुलं कामावर जातात आणि दिवसभर खिडकीबाहेर पाहत बसायचं, असं महिनाभर झालं की लंडन कितीही सुंदर असलं तरी मन रमत नाही. एका बसची वाट ओळखीची झाली की त्याच कार्डावर किंग्स्टनची बाजारपेठ, हॅरोचं वाचनालय, शेजारच्या उपनगरातल्या नातेवाइकांचं घर हे सगळं आवाक्यात येतं. मग पुढच्या खेपेला ते विमानतळावरूनही आपणहून घरी येऊ शकतात. दोन पौंडांच्या आत मिळणारी ही मोकळीक त्यांच्या हाती द्या. तुमच्या रजेपेक्षा तिचा उपयोग त्यांना जास्त दिवस होईल.